खाडाखोडीला गुण

बी.एड. कॉलेजात किस्से गोळा करावे लागत नाहीत हो, ते आपोआप साचतात. माळ्यावर रिकामे डबे साचतात ना, तसे. टाकवत नाहीत, आणि कधीतरी एक काढायला हात घातला की सगळे एकदम अंगावर येतात! परवा जुन्या मैत्रिणी जमलो होतो. एकीनं सहज विचारलं, "काय गं, तुमच्याकडे आता म्हणे एआय शिकवतात?" झालं! चहा गार झाला, दुसरा आला, तोही गार झाला, पण माझं तोंड काही थांबेना. त्यातलं जे चारचौघांत सांगण्यासारखं आहे ते सांगते.

आमचं कॉलेज बुधवार पेठेत. खाली चार्जर, हेडफोन आणि स्पीकरची दुकानं, वर आम्ही. त्यामुळे 'शांतता राखा' ही आमच्या जिन्यातली पाटी निव्वळ शोभेची. आमचे विद्यार्थी म्हणजे उद्याचे शिक्षक. ते सराव पाठ घ्यायला जातात कसब्यातल्या एका शाळेत, चालत. गाडी नेलीत तर ती लावायला परत बुधवारातच यावं लागतं.

* * *

सुरुवात झाली विद्यापीठाकडून आलेल्या एका पत्रानं. 'भावी शिक्षकांना जनरेटिव्ह एआयचा जबाबदारीने वापर करण्यास शिकवावे.' आमचे प्राचार्य केतकर सर. त्यांनी ते मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "उत्तम. आता ही जबाबदारी कोणाची, एवढंच ठरवायचं राहिलं."

नेमकी त्या दिवशी माझी स्कूटर पंक्चर! मी धापा टाकत दार उघडलं आणि सगळा स्टाफ माझ्याकडे वळून बघायला लागला. माझी नेमणूक झाली ती अशी.

"सर, अहो मी वनस्पतिशास्त्राची आहे!"

"असू द्या. हेही रोज वाढतंच आहे."

मग सरांनी एआयची चौकशी सुरू केली. अगदी नव्या उमेदवाराची करतात तशी.

"रजा मागतो?"

"नाही, सर."

"कुठल्याही विषयाचा तास घेतो?"

"घेतो."

"आयत्या वेळी सांगितलं तरी?"

"तरी घेतो."

"म्हणजे आपल्या तासिका तत्त्वावरचाच आहे की!"

आमच्याकडे तासिका तत्त्वावरचे दोन प्राध्यापक आहेत. सगळ्यात मोठ्यानं तेच हसले. दुसरं करणार काय बिचारे!

* * *

आता टाचण म्हणजे काय ते सांगायला हवं. पाठ घ्यायच्या आधी आमचा विद्यार्थी त्याचा सगळा आराखडा लिहितो. मी काय विचारणार, मुलं काय उत्तर देणार, त्यावर मी काय म्हणणार, सगळं आधी! मुलं काय बोलणार हे आदल्या दिवशी घरी बसून लिहिण्याची पद्धत आमच्याकडे एआयच्या कितीतरी आधीपासून आहे. कोणी एआयला "मनाचं सांगतो" म्हणून नावं ठेवली की मी जरा गप्पच बसते.

तर पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी टाचणं एआयकडून लिहून घेतली. मला न सांगता, अर्थात. मला पत्ता कसा लागला? शाळेत सहावीच्या वर्गात मागच्या बाकावर बसले होते. पाठ होता अपूर्णांकांचा. आमचा विद्यार्थी उभा राहिला आणि हात पसरून म्हणाला, "मुलांनो, आज आपण एका रोमांचक प्रवासाला निघणार आहोत!"

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. त्याच्या आधीच्या तासाला इतिहासवाल्या बाई रोमांचक प्रवासाला घेऊन गेल्या होत्या. आदल्या दिवशी भूगोलाचा प्रवास झाला होता, मराठीचा झाला होता, पचनसंस्थेचासुद्धा झाला होता!

पहिल्या बाकावरच्या एका पोरानं हात वर केला. "सर, घरून सही आणावी लागंल का? का नुसतंच म्हणताय?"

* * *

विकास आमचा लोहगावचा. घरची शेती होती, आता तिथे बिल्डिंगी उभ्या आहेत. घरचे म्हणतात, जागांचं काम बघ. पण याला व्हायचंय शिक्षक. गडी मनानं सोनं, पण वाचून बघायचा भयंकर कंटाळा! त्याला पाठ मिळाला होता 'आपला परिसर'. एआयकडून त्यानं कसबा पेठेची माहिती घेतली आणि थेट वर्गात जाऊन वाचायला लागला. वर्गातली सगळी मुलं कसब्यातली, हे लक्षात घ्या!

"कसबा पेठ हा पुण्याचा सर्वात जुना भाग आहे." बरोबर. "येथे अनेक मंदिरे व कारागिरांची दुकाने आहेत." बरोबर. "येथील रस्ते प्रशस्त असून वाहनतळाची मुबलक सोय आहे."

वर्ग असा हसला म्हणता, शेजारच्या वर्गातले सर बघायला आले! विकास गोंधळून माझ्याकडेच बघतोय. हसणं ओसरल्यावर एक मुलगी उभी राहिली. हसत नव्हती, चांगली गंभीर होती.

"सर, ते वाहनतळ नक्की कुठंय? पप्पा रोज तासभर फिरतात हो."

बाहेर आल्यावर मी विकासला धरला. "अरे, तू रोज याच गल्लीतून चालत येतोस ना? डोळे काय लोहगावला ठेवून येतोस?"

"मॅडम, आता इतकं छापून दिलंय म्हटल्यावर मला वाटलं आसंल कुठंतरी मागल्या बाजूला!"

* * *

आणि आता प्रणाली. हिची गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही.

प्रणाली यवतमाळकडची. विश्रांतवाडीला तीन मुलींत मिळून खोली घेऊन राहते. अभ्यासात चोख, पण पहिल्याच महिन्यात ती वर्गात "मले" म्हणाली आणि दोघीतिघी हसल्या. वाईट हेतूनं नाही, पण हसल्या. त्या दिवसापासून या पोरीनं स्वतःचं एक वाक्य बोलायचं सोडलं. सगळं एआयकडून 'शुद्ध' करून घ्यायची आणि पाठ करून यायची. "शाब्बास"सुद्धा लिहून आणायची! मुलं कोणकोणते प्रश्न विचारतील तेही तिनं एआयला विचारलं होतं, आणि त्या सगळ्यांची उत्तरं तोंडपाठ केली होती.

पाठ छान चालला होता. बाहुलीसारखा, पण छान. आणि मध्येच एका पोरीनं विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या?"

प्रणाली थांबली. हातातले कागद चाळायला लागली. अहो, खरंच चाळायला लागली! वर्ग वाट बघतोय. मग तिनं कागद टेबलावर ठेवले आणि दारातून बाहेर निघून गेली.

मी मागे धावले. शाळेतून निघून ती थेट आमच्या कॉलेजच्या जिन्यात येऊन बसली होती. "मॅडम, तो प्रश्न त्यात नव्हताच," एवढंच म्हणाली. मग रडू आवरून म्हणाली, "मला हे जमणार नाही. घरी स्थळं बघतायत. वार्षिक पाठ तेवढा देते. तो बिघडला तर मी परत जाते आणि ते म्हणतील तिथे लग्न करते."

मी चिडले. मला रडू यायला लागलं की मी आधी चिडते. "वार्षिक पाठ होईपर्यंत जाण्याचं नाव काढलंस तर याद राख!" असं ओरडून मी जिना उतरले, आणि खाली हेडफोनच्या दुकानापाशी उभी राहून डोळे पुसले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, आवाज बंद करणारा दाखवू का?"

* * *

त्यानंतर मी एक नियम काढला. एआय वापरा, खुशाल वापरा. पण त्यानं दिलेलं टाचण छापून आणायचं आणि त्यावर पेनानं खोडायचं. काय खोडलं आणि का खोडलं, ते बाजूला लिहायचं. गुण मिळणार ते खोडण्याला!

आता बी.एड.च्या जगात हे म्हणजे भलतंच. वर्षानुवर्षं आम्ही समास, अधोरेखन आणि नीटनेटकेपणाला गुण देत आलो. खाडाखोडीला गुण? केतकर सरांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चालेल. माझ्या अक्षराला शेवटी न्याय मिळाला."

पण आमची पोरं म्हणजे पोरं! दुसऱ्याच आठवड्यात विकासनं टाचण आणलं. लालभडक! ओळीओळीला खोडलेलं. मी खूष झाले. मग वाचायला लागले. 'वनस्पती प्रकाशात अन्न तयार करतात' हे खोडलेलं. 'मुळे पाणी शोषतात' हेही खोडलेलं. आणि 'वटवाघूळ हा रात्री उडणारा पक्षी आहे' हे मात्र दिमाखात तसंच!

"विकास! हे काय रे?"

आधी आढेवेढे घेतले. मग सगळं बाहेर आलं. पठ्ठ्यानं एआयलाच सांगितलं होतं, 'चुका असलेलं टाचण दे, मला खोडायचंय!'

"अरे गाढवा, मग निदान चुका तरी खोडायच्या होत्यास!"

"तेच तर ना, मॅडम! चुका कुठल्या त्ये त्यानं सांगितलंच न्हाय. अंदाजानं खोडलं."

हसू दाबण्यात माझी दोन मिनिटं गेली. त्याला म्हटलं, बाबा, वाहनतळ तू स्वतः बघून खोडला असतास तर तुला पैकीच्या पैकी दिले असते. तो डोकं खाजवत गेला. आणि खरं सांगते, तेव्हापासून तो गल्लीतून मान वर करून चालायला लागला. मध्येच थांबतो, एखादं दुकान बघतो. येणाऱ्या गाड्या हॉर्न मारतात.

* * *

केतकर सरांचा आणि एआयचा मात्र वेगळाच संसार.

सर म्हणाले, "मलाही बघू द्या तुमचा मानद प्राध्यापक." त्यांनी त्याला 'चांगला शिक्षक' या विषयावर निबंध लिहायला सांगितला. छापून घेतला. लाल पेन काढलं आणि तपासला! 'पाल्हाळ', 'हे दोनदा आले', 'उदाहरण?', 'हे कोणी सांगितले?' शेवटी दहापैकी साडेतीन दिले आणि कागद माझ्याकडे दिला. "परत करा. पुन्हा लिहून आणायला सांगा."

मी त्या कागदाचा फोटो काढून एआयला दाखवला. उत्तर आलं, 'आपले म्हणणे अगदी बरोबर आहे. आपण मोलाच्या सूचना केल्यात.'

सरांचा चेहरा काय खुलला! "बघा. इतकी वर्षं नोकरी केली, संसार केला. आपलं म्हणणं बरोबर आहे, असं पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं!"

दोन दिवस सर भलतेच खुशीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम उलटं लिहिलं, 'चांगल्या शिक्षकाने मुलांना प्रश्न विचारू देऊ नयेत.' लगेच उत्तर, 'आपण एक महत्त्वाचा मुद्दा मांडलात!'

सरांनी ते उत्तर दोनदा वाचलं. मग लॅपटॉप हळूच मिटला.

"नाही हो. हा शिक्षक व्हायचा नाही." आणि उठता उठता म्हणाले, "फार तर उपप्राचार्य."

* * *

निनाद आमच्याकडे आयटीतली नोकरी सोडून आलाय. बायको म्हणते वेड लागलंय, तो म्हणतो बरं वाटतंय. शाळेतल्या वर्गशिक्षिकांनी त्याला सहावीच्या प्रगतिपत्रकांवर शेरे लिहायला मदत कर म्हणून सांगितलं. यानं काय करावं? मुलांची नावं, वडील काय करतात, कोणाला दमा आहे, कोणाच्या घरी भांडणं आहेत, सगळंच्या सगळं एआयला देऊन टाकलं!

माझं डोकंच फिरलं. "निनाद, तुझ्या आईचे रक्ताचे रिपोर्ट घेऊन मी अप्पा बळवंत चौकात उभी राहते आणि मोठ्यानं वाचते. चालेल?"

तो पांढराफटक पडला. "सॉरी मॅडम. खरंच सॉरी. नावं काढून टाकतो. बाकीची माहितीही देत नाही."

काढली. नावांच्या जागी भाज्या घातल्या! 'भेंडी गणितात हुशार आहे.' 'गवार वेळेवर येते.' 'फ्लॉवरने अक्षर सुधारावे.' मग शेरे पत्रकांवर उतरवताना प्रत्येक भाजीच्या जागी खरं नाव लिहायचं, अशी त्याची योजना. योजना चांगली होती हो! एक भाजी तेवढी राहिली.

दोन दिवसांनी एक आई पत्रक घेऊन शाळेत हजर. 'भोपळा शांत व आज्ञाधारक असून वर्गातील सहभाग वाढवावा.' पत्रक मैथिलीचं. निनादला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या, "भोपळा म्हणालात ते राहू द्या. पण शांत? ही? अहो, घरी हिच्या बडबडीनं शेजारी दार लावून घेतात!"

मैथिलीचा आवाज शाळेत कोणी ऐकलाच नव्हता. खिडकीपाशी बसायची आणि बाहेर बघायची. एआयला माहिती दिली निनादनं, निनादला वर्गशिक्षिकांनी, आणि सगळ्यांनी मिळून शेरा दिला 'शांत'!

कोपऱ्यात प्रणाली साहित्य आवरत होती. हळूच म्हणाली, "ती बोलते, मॅडम. कबुतराशी. मधल्या सुट्टीत खिडकीत येतं ना, त्याला डब्यातली पोळी देते आणि गप्पा मारते."

"तुला कसं माहीत?"

"मी पण तिथंच डबा खाते," ती म्हणाली. "मले कोण आहे बोलायला?" आणि मग "मले" म्हणाल्याचं लक्षात येऊन तिचा चेहरा लाल झाला. त्या आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

केतकर सरांना हे सगळं सांगितलं. त्यांनी निनादला बोलावून घेतलं. मला वाटलं आता चांगला झाडणार. सर म्हणाले, "पुढच्या वेळी फळं घ्या. पालकांना जरा बरं वाटेल."

* * *

आणि मग आला वार्षिक पाठ.

बाहेरच्या परीक्षक होत्या इनामदार मॅडम. त्यांचं नाव काढलं की आमची पोरं टाचण पुन्हा लिहायला बसतात. पाठाच्या शेवटी शिकवलेल्याची उजळणी घ्यायची, तिला आम्ही संकलन म्हणतो. इनामदार मॅडमचं एकच म्हणणं, "संकलन नाही तर पाठ नाही." मनगटावर मोठं घड्याळ, आणि नजर त्या घड्याळावर.

प्रणालीचा पाठ होता पक्ष्यांवर. वर्ग सहावीचाच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या यवतमाळच्या गाडीचं तिचं तिकीट काढलेलं होतं. सुट्टीला जाते म्हणाली, पण तिच्या खोलीवर गेले तेव्हा बॅग बघून मला कळलं की सगळंच सामान भरलंय.

तिचं टाचण मात्र बघत राहावं असं! एआयनं सुरुवातीला 'रोमांचक प्रवास' दिला होता, तो खोडलेला. बाजूला लिहिलं होतं, 'मुले हसतात.' मकाव पोपट आणि पेंग्विन खोडलेले. बाजूला, 'कोणी पाहिलेला नाही. खिडकीत कबुतर आहे.'

मागच्या बाकावर मी, केतकर सर आणि इनामदार मॅडम. पाठ चालू झाला. चोच झाली, पंख झाले. आणि खिडकीपाशी एक हात वर आला. पुरता नाही, कोपरापर्यंतच. मैथिली!

"बाई, ते आपल्या खिडकीतलं कबुतर... ते मला ओळखतं का?"

प्रणाली थांबली. अगदी त्या दिवशीसारखी. माझं लक्ष दाराकडे गेलं. मनात म्हटलं, गेली ही!

"मले नाही मालूम वं, पोरी!"

सगळ्या माना वर. कोणी हसलं नाही. उलट सगळी पोरं सावरून बसली. एक जण ओरडला, "बाई, एआयला विचारा की!"

"विचारलं तर तो म्हणेल, ओळखतात कबुतरं. खरंही असेल. पण त्यानं आपलं कबुतर पाहिलंय का?"

"नाहीऽऽ!"

"मग आपणच शोधायचं. कसं शोधू या?"

अहो, जो काही कल्ला झाला! कोणी म्हणे मैथिलीनं तोंड झाकायचं. कोणी म्हणे खिडकीच बदलायची. शेवटी ठरलं, उद्या मधल्या सुट्टीत मैथिलीनं दारापाशी बसायचं आणि तिच्याच उंचीच्या, तशाच दोन वेण्या घातलेल्या मुलीनं पोळी घेऊन खिडकीत बसायचं. गणवेश काय, सारखाच. ठरतंय तोवर घंटा झाली.

इनामदार मॅडमनी पेन ठेवलं. "पाठ अपूर्ण. संकलन नाही. गृहपाठ नाही. याला मी गुण कसे देऊ?"

"गृहपाठ दिलाय, मॅडम," केतकर सर म्हणाले.

"कोणाला?"

"कबुतराला."

इनामदार मॅडम हसल्या नाहीत. पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "मग तो तपासल्याशिवाय गुण देता यायचे नाहीत." आणि गुणांची जागा कोरी ठेवून निघून गेल्या.

व्हरांड्यात प्रणाली उभी होती. "मॅडम, बिघडलाच ना पाठ? उद्या माझी सकाळची गाडी आहे."

मला परत रडू यायला लागलं, म्हणजे मी परत चिडले. "जा मग! खुशाल जा. कबुतराचं काय झालं ते मैथिलीला पत्रानं विचार!"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीच्या आधी मी सहावीत गेले, तर मागच्या बाकावर, गुडघे कसेबसे कोंबून, इनामदार मॅडम बसलेल्या. शेजारी केतकर सर. दोघंही वर्गशिक्षिकांना सांगून आले होते, एकमेकांना न सांगता. दारापाशी मैथिली. खिडकीत दुसरी मुलगी, हातात पोळी. फळ्यापाशी कोणीच नाही.

घंटा झाली. तेवढ्यात जिन्यात धाडधाड पावलं वाजली आणि प्रणाली आत आली. पाठीवर प्रवासाची बॅग तशीच.

"गाडी?" मी विचारलं.

"गेली."

बॅग कोपऱ्यात ठेवून ती फळ्यापाशी जाऊन उभी राहिली. ओठांवर बोट. एवढा कल्लोळ करणारा वर्ग, पण चिडीचूप! कबुतर आलं. गजावर बसलं. मान इकडे केली, तिकडे केली. आणि टुणकन उडी मारून त्या दुसऱ्या मुलीच्या हातातली पोळी खायला लागलं!

"हॅट्!" मुलं ओरडली. कबुतर उडालं. मैथिलीचा चेहरा एवढासा झाला. मी तिची समजूत घालायला उठणार, तर सरांनी माझा हात दाबून मला खाली बसवलं. प्रणालीही समजूत घालायला गेली नाही. मैथिलीकडे बघत नुसती उभी राहिली.

आणि मैथिली उठली. ताडकन!

"बाई, हे चूक आहे! त्याला भूक लागली होती! भूक लागल्यावर कोणी तोंड बघतं का? उद्या पोळी ठेवायचीच नाही. कोणाच्याच हातात नाही. मग बघू ते कोणाकडे येतं!"

वर्ग उसळलाच! "बाई, मी सांगतो! बाई, मी! बाई, दोन खिडक्या उघडू या!" जिकडे बघावं तिकडे हात वर. आणि मागच्या बाकावरून आणखी एक हात वर गेला. मोठ्या घड्याळाचा.

"बाई, मी एक सुचवू का?" इनामदार मॅडम म्हणाल्या.

प्रणालीनं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

"हात खाली घ्या. आधी तिचं होऊ द्या."

आणि इनामदार मॅडमनी मुकाट्यानं हात खाली घेतला.